पान कोणाच्या हाती? : मराठी वाङ्मयेतिहासातील ‘तरुण’ या संज्ञेविषयी

१

‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या १८५५ सालच्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांतील दोन अंकांमधून एका मुलीचा निबंध क्रमशः छापला गेला. मुलीचे नाव मुक्ता. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी चालविलेल्या शाळेत ती शिकत होती. जातीने मांग. तिचे वय कुणी चौदा सांगतात, कुणी त्याहूनही कमी. निबंधाचा विषय होता मांग-महारांचे दुःख. वेद ही जर ब्राह्मणांचीच मत्ता असेल आणि ते पाहण्याचाही अधिकार आम्हांला नसेल, तर आम्ही धर्मरहित ठरतो. तेव्हा आमचा धर्म कोणता ते ईश्वराने तरी आम्हांस कळवावे, असा तिच्या युक्तिवादाचा रोख आहे. बाळंतपणाच्या वेळी ज्यांच्या डोक्यावर धड छप्परही नसते अशा आपल्या जातीतल्या बायकांचे हाल ती सांगते, ते सांगताना तिचा स्वर कुठेही रडवा होत नाही. प्रतिपक्षाचे गृहीतक मान्य करायचे आणि त्यातूनच त्याला अडचणीत आणणारा निष्कर्ष काढायचा, ही निबंधकाराची रीत या मुलीला पुरेपूर अवगत आहे.

या निबंधाची दखल आज घेतली जाते. परंतु ती बहुधा सामाजिक इतिहासाच्या प्रकरणात. मराठी निबंधाच्या इतिहासाची मांडणी करताना आपण ‘प्रभाकर’मधून १८४८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या लोकहितवादींच्या ‘शतपत्रां’कडून थेट १८७४ च्या ‘निबंधमाले’कडे येतो. वाटेत हा निबंध लागत नाही. आता लोकहितवादी ‘शतपत्रे’ लिहू लागले तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते चोविशीच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे मुक्ताबाई कोवळ्या वयाची होती म्हणून ती गळली, असे काही म्हणता येत नाही. आधुनिक मराठी गद्याचा पायाच मुळी विशी-पंचविशीतल्या लोकांनी घातला आहे.

मग ती का गळली? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा एका मर्यादित अंगाने विचार करावयाचा आहे. साहित्यातील तरुणांच्या कामगिरीविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात लेखकाचे वय आणि त्याची बंडखोरी यांनाच मध्यवर्ती स्थान असते. माझ्या मते वय हा येथे दुय्यम घटक आहे. निर्णायक ठरते ती गोष्ट वेगळीच : छापील पान कोणाच्या हाती होते, आणि ते किती काळ हाती राहिले. मुक्ताबाईला दोन अंकांपुरते पान मिळाले, तेही दुसऱ्याचे, मिशनचे. चिपळूणकरांपाशी स्वतःचे पान होते, आणि ते सात वर्षे टिकले.

२

समीक्षेच्या भाषेत तरुण लेखकासाठी रूढ असलेले शब्द एकदा बारकाईने पाहावेत. ‘होतकरू’, ‘नवोदित’, ‘उदयोन्मुख’. तिन्ही शब्द कौतुकाचे वाटतात. प्रत्यक्षात ते निर्णय लांबणीवर टाकतात. होतकरू म्हणजे जो अद्याप झालेला नाही तो. उदयोन्मुख म्हणजे ज्याचे तोंड उदयाकडे आहे, पण जो उगवलेला नाही. एखाद्या कवितेला ‘उदयोन्मुख कवीची कविता’ म्हटले की तिच्याविषयी भलेबुरे बोलण्याची जबाबदारी टळते. विशेष म्हणजे ज्याच्या हाती स्वतःचे पान असते त्याला हे शब्द सहसा चिकटत नाहीत. चोवीस वर्षांच्या चिपळूणकरांना ‘होतकरू निबंधकार’ म्हणण्याची हिंमत कोणी केली असती असे वाटत नाही!

कार्ल मॅनहाइम या समाजशास्त्रज्ञाने ‘पिढी’ या संकल्पनेवर १९२८ मध्ये लिहिलेला निबंध या संदर्भात उपयुक्त आहे. एकाच सुमारास जन्मणे एवढ्याने पिढी घडत नाही. समाजव्यवहारातील समान स्थान आणि त्यातून येणारे समान अनुभव यांनी ती घडते, असे त्याचे प्रतिपादन आहे. आणि एका पिढीच्या पोटातही परस्परविरोधी गट असू शकतात हेही तो दाखवितो. पुढे पिएर बोर्दिय यांनी १९७८ मध्ये एका मुलाखतीत ‘तारुण्य’ हा केवळ एक शब्द आहे, अशी टोकाची भूमिका घेतली. तरुण कोण आणि वृद्ध कोण, याची सीमारेषा प्रत्येक क्षेत्रात सत्तेच्या वाटपासाठी झगडून आखली जाते, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. हे सिद्धांत फ्रेंच व जर्मन समाजांच्या निरीक्षणातून आले आहेत, आणि ते जसेच्या तसे आपल्याकडे लावणे बरोबर नाही. आपल्याकडे सत्तेचे वाटप वयाच्याही आधी जातीने आणि लिंगाने झालेले असते. तरीही ‘एका वयाचे ते एका पिढीचे’ हा आपला भाबडा समज दूर करण्यापुरते तरी त्यांचे साहाय्य घ्यायला हरकत नाही.

३

चिपळूणकरांचा जन्म १८५० चा. ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे यांचा जन्मही त्याच सुमाराचा मानला जातो. दोघेही समवयस्क, दोघेही निबंधकार, दोघांच्याही गद्याला तिखट धार. ताराबाईंचे पुस्तक पुण्यात छापून निघाले ते १८८२ मध्ये. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात चिपळूणकर वारले. परंतु समकालीन असणे आणि एका पिढीचे असणे यांतले अंतर या दोघांइतके दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसेल.

चिपळूणकर कृष्णशास्त्र्यांचे पुत्र. ‘शालापत्रका’च्या संपादनाचा अनुभव त्यांना घरातच मिळाला होता. ‘निबंधमाला’ म्हणजे जवळजवळ एकहाती मासिक. चौऱ्याऐंशी अंक, आणि लेखक व संपादक एकच. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ आणि चित्रशाळा, १८७९ मध्ये सरकारी नोकरीचा राजीनामा, १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल, आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’. जोडीला आर्यभूषण छापखाना. अवघ्या तीन-चार वर्षांत या मंडळींनी शाळा, छापखाना, वृत्तपत्र आणि जुन्या काव्याच्या प्रकाशनाची यंत्रणा एवढे सारे आपल्या ताब्यात आणले. टिळक-आगरकर त्या वेळी पंचविशीच्या आत होते. चिपळूणकरांच्या शैलीविषयी आपल्याकडे अमाप लिहिले गेले आहे. त्या शैलीला लागणारा ठाम, निर्णायक स्वर या यंत्रणेच्या बळावर शक्य झाला, ही गोष्ट मात्र पुरेशी ध्यानात घेतली गेलेली नाही. पुढच्या महिन्याचा अंक आपलाच आहे हे माहीत असलेला माणूस वेगळ्या आवाजात लिहितो.

याच पानाचा उपयोग त्यांनी जोतीराव फुल्यांविरुद्ध कसा केला, हे सर्वश्रुत आहे. ‘गुलामगिरी’ १८७३ ची. ‘निबंधमाले’ने जोतीरावांच्या विचारांचा प्रतिवाद करण्यापेक्षा त्यांच्या मराठीची, व्याकरणाची खिल्ली उडविण्यात अधिक धन्यता मानली. जोतीराव चिपळूणकरांहून तेवीस वर्षांनी मोठे होते. येथे तरुण आहे तो प्रस्थापित, आणि वयाने वडील असलेला लेखक प्रवेशद्वाराशी अडविला जात आहे. तारुण्य म्हणजे बंडखोरी आणि वार्धक्य म्हणजे परंपरा, हे समीकरण मराठीत तरी आरंभापासूनच चुकलेले आहे, याला याहून मोठा पुरावा नको.

त्या वर्तुळाच्या आतही मतभेद पानाच्या मालकीशीच येऊन ठेपले. आगरकर ‘केसरी’चे संपादक झाले तेव्हा चोवीस वर्षांचे होते. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी बिनसल्यावर त्यांना १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडावा लागला आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढावा लागला. मतभेद व्यक्त करण्यासाठी नवे पत्र काढणे त्यांना शक्य होते. मुक्ताबाईला किंवा ताराबाईंना ते नव्हते.

ताराबाईंच्या पुस्तकाची जन्मकथा या दृष्टीने बोलकी आहे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेचा खटला गाजला. त्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ने एकूण स्त्रीजातीवर जी टीका केली, तिने संतापून बुलढाण्याच्या ताराबाईंनी हा निबंध लिहिला. वृत्तपत्रात त्यांना स्तंभ नव्हता. म्हणून उत्तर स्वतंत्र पुस्तकाच्या रूपाने द्यावे लागले. जोतीरावांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही आणि हे पुस्तकही विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा उजेडात आणले, म्हणजे मधे त्र्याण्णव वर्षे गेली.

आता याच ‘पुणेवैभवा’ची पुढची हकीकत. १८८५ मध्ये या पत्रातून ‘मधली स्थिति’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. लेखक होते एकवीस वर्षांचे हरि नारायण आपटे. हरिभाऊ विद्यार्थिदशेपासूनच धीट. आगरकर त्यांचे गुरुजी. गुरुजींनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा या शिष्याने त्याची प्रदीर्घ आणि परखड चिकित्सा छापून आणली होती. (आजच्या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या मार्गदर्शकाच्या पुस्तकाचे असे परीक्षण लिहून पाहावे!) पुढे १८९० मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ लिहिली. बालविधवेचे आयुष्य तिच्याच तोंडून सांगणारी ही कादंबरी मराठीतील थोर कादंबरी आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु इतिहास म्हणून हा क्रम पाहण्यासारखा आहे. ज्या पत्राने एका बाईला चिडविले त्याने तीन वर्षांनी एका तरुणाला पाने दिली, त्या तरुणाने पुढे स्वतःची पाने निर्माण करून स्त्रीच्या दुःखाला ‘मी’चा आवाज दिला, आणि प्रत्यक्ष स्त्रीने आपल्या आवाजात लिहिलेले पुस्तक तोवर अडगळीत गेले होते. यात हरिभाऊंचा काही दोष नाही. दोष द्यायचाच तर तो, या दोन गोष्टी दोन वेगळ्या प्रकरणांत सांगणाऱ्या आपल्या वाङ्मयेतिहासाला द्यावा लागेल.

१९२३ च्या रविकिरण मंडळाविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे प्रयोजन नाही. एकत्र बसून चहा पिणाऱ्या, कविता वाचणाऱ्या आणि संग्रह काढणाऱ्या त्या मित्रमंडळात मनोरमाबाई रानडे होत्या, आणि त्या एकट्याच होत्या, एवढे नोंदवून पुढे जातो.

४

साठोत्तरी कालखंडाकडे वळले की ‘तरुण’ हा शब्द जणू समीक्षेची मुख्य संज्ञाच बनतो. ‘तरुणांचा संताप’, ‘तरुण पिढीचे वैफल्य’, ‘विद्रोही तरुण’. पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना हे शब्दप्रयोग मी गेली कित्येक वर्षे वाचतो आहे. ते विद्यार्थ्यांनी आपल्या मनाने आणलेले नाहीत, आपणच त्यांना ते शिकविले आहेत. दरम्यान साठोत्तरी पिढी स्वतःच साठीच्या पुढे गेली, तिच्यातले बहुतेक मोहरे काळाच्या पडद्याआड गेले. तरी पाठ्यपुस्तकांत ती अजून तरुणच आहे. दिलीप चित्रे २००९ मध्ये गेले, नामदेव ढसाळ २०१४ मध्ये, राजा ढाले २०१९ मध्ये, सतीश काळसेकर २०२१ मध्ये. या सगळ्यांना कायमचे तरुण ठेवण्यात आपली एक सोय आहे. संताप हा वयाचा गुण ठरला की त्याच्या कारणांना उत्तर देण्याची गरज उरत नाही.

ही चळवळ सुरू झाली ती छपाईच्या साधनांपासून. १९५४-५५ च्या सुमारास मुंबईत अरुण कोलटकर, रमेश समर्थ, बंडू वझे आणि दिलीप चित्रे यांनी ‘शब्द’ काढले. चित्रे त्या वेळी सोळा-सतरा वर्षांचे होते, कोलटकर विशीच्या आरंभी. ‘शब्द’ सायक्लोस्टाइल केलेले होते. सायक्लोस्टाइल ही साहित्यव्यवहारातली किती मोठी घटना होती, याची कल्पना आज संगणकावर लिहिणाऱ्यांना येणार नाही. खिळे जुळविणारा कंपोझिटर नको, छापखान्याचे आगाऊ पैसे नकोत, ठरावीक संख्येच्या प्रती काढण्याचे बंधन नको. मेणकागदावर मजकूर कोरायचा, शाईचा रूळ फिरवायचा, टाचण्या मारायच्या आणि टपालात टाकायचे. चिपळूणकरांना शाळा, छापखाना आणि भागीदार लागले. येथे एक यंत्र उसने मिळाले तरी भागत होते. पानाची किंमत उतरली आणि त्याबरोबर पानावर कोणी यायचे याचा निर्णयही दुसऱ्या हातांत गेला.

‘शब्द’नंतर अशोक शहाणे यांचे ‘अथर्व’, त्यानंतर १९६३ पासूनचे ‘असो’. पुढे ‘येरू’, ‘फक्त’, ‘भारूड’, ‘चक्रवर्ती’ अशी कितीतरी नावे. १९६८ मध्ये औरंगाबादेत भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’. ही नावेच पाहावीत : प्रतिष्ठित मासिकांच्या संस्कृतप्रचुर, सुभाषित नावांची ती टवाळी आहे. आणि या सर्वांना मिळून मराठीने जे सामान्यनाम दिले ते तर फारच अर्थपूर्ण आहे. इंग्रजीत अशा प्रकाशनांना त्यांच्या लहानपणावरून नाव पडले. मराठीने ‘लघु’ हा शब्द काही काळ वापरला खरा, पण रुळले ते ‘अनियतकालिक’. इंग्रजी नाव आकाराकडे पाहते, मराठी नाव काळाकडे. ठरलेल्या तारखेला निघणार नाही, पोस्टाच्या नोंदणीत बसणार नाही, वर्गणीदाराला बांधील राहणार नाही, असा त्या नावाचा अर्थ. ‘होतकरू’ या शब्दाने ज्यांना भविष्यकाळात ढकलले होते त्यांनी आपले वेळापत्रकच मोडीत काढले, असे मी या नावाचे वाचन करतो.

‘सत्यकथे’शी या मंडळींचा जो संघर्ष झाला तो या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. ‘सत्यकथा’ हे काही जरठांचे मासिक नव्हते. गंगाधर गाडगीळ, व्यंकटेश माडगूळकर विशीत असताना नवकथेला ज्या पानांनी आधार दिला त्यांत ‘सत्यकथे’ची पाने प्रमुख होती, श्री. पु. भागवत स्वतः गाडगीळांच्याच वयाचे. नव्या लेखकाचे हस्तलिखित काळजीपूर्वक वाचून त्याला सविस्तर पत्र लिहिण्याची, पुनर्लेखन सुचविण्याची जी शिस्त श्री. पु. आणि राम पटवर्धन यांनी घालून दिली, तिचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. अनियतकालिकवाल्यांपैकी काहींच्या कवितांना आधी ‘सत्यकथे’नेच जागा दिली होती. आक्षेप होता तो नेमका या संस्कारप्रक्रियेवरच. उत्तम संपादक म्हणजे उत्तम चाळणी. आणि चाळणीची भोके कोणत्या आकाराची असावीत हे चाळणीच ठरविते. शहाणे यांचा ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण’ हा १९६३ मधील लेख काय, नेमाड्यांचा लेखकाचा लेखकराव का होतो याची मीमांसा करणारा लेख काय, किंवा राजा ढाले यांचा ‘येरू’तील ‘सत्यकथेची सत्यकथा’ काय, या सर्वांचा विषय कविता कशी असावी हा नाहीच. ग्रंथव्यवहार, मासिके, पारितोषिके, प्राध्यापकी समीक्षा यांची साखळी कशी चालते, हा त्यांचा विषय आहे. मराठीत साहित्यसंस्थेची समीक्षा खऱ्या अर्थाने येथे सुरू झाली आणि ती विद्यापीठांच्या बाहेर, पंचवीस ते तीस वयाच्या लोकांनी केली. नेमाड्यांचे हे लेखन पुढे ‘टीकास्वयंवर’मध्ये आले आणि त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, मग ते अभ्यासक्रमात लागले. ढाले यांचे लेख त्या मानाने आपल्या वर्गांत आजही अपवादानेच वाचले जातात. एकाच चळवळीतील दोन समीक्षकांच्या वाट्याला आलेल्या या दोन गती पुरेशा सूचक आहेत.

१९६९ मध्ये ‘सत्यकथे’चा अंक जाळण्यात आला. आपल्या इतिहासकारांना ही होळी फार आवडते. तिच्यात नाट्य आहे आणि ती ‘तरुणांचा संताप’ या शीर्षकाखाली चपखल बसते. मला त्याच वर्षातील दुसरी एक घटना अधिक महत्त्वाची वाटते. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादिलेले ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ त्याच वर्षी शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. ‘निबंधमाले’ने ज्याची भाषा हास्यास्पद ठरविली होती, तो लेखक जवळजवळ शंभर वर्षांनी एका जाड खंडात वाचकांच्या हाती आला. पुढच्या दोन दशकांतील मराठी समीक्षेचे स्वरूप त्या होळीने बदलले की या खंडाने, असे कोणी विचारले तर मी खंडाच्या बाजूने मत देईन.

अनियतकालिकांच्या तरुणांना एकजिनसी मानण्याची चूकही येथेच उघडी पडते. १९६३ हे ‘कोसला’चे वर्ष म्हणून सर्वांच्या स्मरणात आहे; पंचविशीतल्या नेमाड्यांनी ती लिहिली. त्याच वर्षी बाबूराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. बागुल तेव्हा तेहतीस वर्षांचे. पांडुरंग सांगवीकर आणि बागुलांची माणसे यांच्या तुटलेपणाची जात एक नाही, हे ‘तरुण पिढीचे वैफल्य’ या सरसकट मथळ्याखाली झाकले जाते. सांगवीकराला घरी परतण्याची वाट तरी आहे. गाव त्याचे आहे. बागुलांच्या नायकाला मुळी आपले नाव-गावच लपवावे लागते.

१९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली. ‘साधना’च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या विशेषांकात ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला आणि महाराष्ट्रभर वादंग माजले. हे पान उसने होते. ते अनिल अवचटांसारख्या तरुण संपादकाने जाणीवपूर्वक देऊ केले होते, ही त्यातली मोठी गोष्ट. त्याच वर्षीचा ढसाळांचा ‘गोलपिठा’. कवी तेवीस वर्षांचा. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. प्रस्तावना हा आपल्याकडे ज्येष्ठाने कनिष्ठाच्या डोक्यावर हात ठेवण्याचा विधी असतो. या प्रस्तावनेत उलटेच घडते. चव्वेचाळीस वर्षांचा मान्यवर नाटककार या तरुणाबरोबर त्याच्या वस्तीत हिंडतो आणि कवितेतल्या शब्दांचे अर्थ त्याला विचारून घेतो. कोणाला कोणाची भाषा शिकावी लागते, हा प्रश्न ‘निबंधमाले’ने एका दिशेने सोडविला होता, येथे त्याची दिशा बदलली. मराठी समीक्षेच्या दृष्टीने ‘गोलपिठा’च्या कवितेइतकाच हा प्रसंग अभ्यसनीय आहे.

औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) हेच कार्य वेगळ्या मार्गाने चालले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. ना. वानखडे यांच्याभोवती अध्यापक आणि विद्यार्थी जमले. महाविद्यालयाच्या वार्षिकांकात दलित साहित्याची चर्चा होऊ लागली. आणि त्या वातावरणातून गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ निघाले. पानतावणे तेव्हा तिशीत होते. पण त्यांनी अनियतकालिक काढले नाही, त्रैमासिक काढले. आणि आयुष्यभर, २०१८ मध्ये निधन होईपर्यंत, ते धरून ठेवले. मुंबईच्या मित्रमंडळींना वेळापत्रक मोडणे ही मुक्ती वाटली. ज्यांना आजवर वेळापत्रकात स्थानच नव्हते त्यांना नियमितपणे, दर तीन महिन्यांनी, आपल्या नावाने अंक निघणे हीच मुक्ती होती. अनियतकालिकांच्या इतिहासात ‘अस्मितादर्श’ला नेमके कोठे बसवावे याविषयी अभ्यासकांचा जो गोंधळ होतो, त्याचे मूळ या फरकात आहे.

५

अनियतकालिकांच्या संपादकांच्या नावांची यादी करू लागले की त्यात स्त्रीचे नाव शोधावे लागते. मुक्तीची, देहाची, शहराची एवढी चर्चा करणाऱ्या या चळवळीत मैत्रीचे, रात्रीच्या भटकंतीचे, इराणी हॉटेलातल्या बैठकांचे जे वातावरण होते, ते त्या काळच्या मध्यमवर्गीय वा कामकरी घरातल्या मुलीला उपलब्धच नव्हते. सायक्लोस्टाइल यंत्र स्वस्त होते. रात्री अकरा वाजता घराबाहेर असण्याची मुभा स्वस्त नव्हती. मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन १९८४ चे. ते लिहिताना त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. विद्रोहाची घरातली बाजू मराठीला त्या पुस्तकाने दाखविली. पण ‘साठोत्तरी तरुणांचे बंड’ या विषयावरील किती प्रबंधांनी त्याला मुख्य साधन म्हणून वापरले आहे? मला आठवणारे थोडे आहेत. स्त्रियांसाठी सलग टिकणारे, स्त्रियांच्या मालकीचे नवे पान पुढे निर्माण झाले ते १९८९ च्या ‘मिळून साऱ्याजणी’ने, आणि ते काढणाऱ्या विद्या बाळ त्या वेळी बावन्न वर्षांच्या होत्या.

साहित्य अकादमीने २०११ पासून पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्कार सुरू केला. उपक्रम स्तुत्य आहे, त्यामुळे चांगले लेखक लवकर प्रकाशात आले. तरीही हा नियम मागे नेऊन लावून पाहिला तर काय दिसते? ‘गोलपिठा’ बसतो, ‘कोसला’ बसते, ‘स्त्रीपुरुष तुलना’देखील वयाच्या हिशेबात बसते. अरुण कोलटकर बसत नाहीत. ‘शब्द’च्या या संस्थापकाचे ‘जेजुरी’ पुस्तकरूपाने आले १९७६ मध्ये आणि ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ मध्ये. तोवर चाळिशी केव्हाच उलटली होती. पस्तिसाव्या वर्षी त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हते. होती ती मासिकांत आणि अनियतकालिकांत विखुरलेली पाने. मुक्ताबाईचीही पानेच होती.

आणि पाने टिकत नाहीत. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काही वर्षांपूर्वी मी अनियतकालिकांचे अंक शोधत गेलो होतो. तेथील जुन्या सहकाऱ्याने सांगितले, अंक होते. पण त्यांवर ना महिना ना क्रमांक, त्यामुळे ते नोंदवहीत चढविता आले नाहीत आणि एका उन्हाळ्यात रद्दीबरोबर गेले. ज्या ‘अनियत’पणाचे आपण येथे एवढे कौतुक केले, त्यानेच त्यांचा घात केला म्हणायचा. मी परतताना त्याने कपाटाच्या तळाशी असलेला महाविद्यालयाच्या वार्षिकांकांचा गठ्ठा दाखविला. त्यांनाही दाखलक्रमांक नव्हता. मी १९६० नंतरच्या दहा-बारा वर्षांचे अंक मागून घेतले, दोन दिवस तेथेच बसून त्यांतल्या मुला-मुलींची नावे, गावे आणि विषय उतरवून काढले. मुलींची नावे माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक निघाली. ती यादी अजून पुरी व्हायची आहे.